किटलीचं कौतुक

सेयिलखान यांचा आवाज गेला तेव्हा शिमकेंत शहरात दोन लग्नं पुढे ढकलली गेली. नवरीकडच्यांचं म्हणणं, असाबा तेच हवेत, नाहीतर हॉलची तारीख बदला. असाबा म्हणजे लग्नात माईक ज्याच्या हाती असतो तो माणूस. आमच्याकडे नवरा-नवरीपेक्षा त्यालाच जास्त काम. टेबलाटेबलावरून पाहुण्यांना उठवून पुढे बोलवायचं आणि ते पुढे येईपर्यंत त्यांच्याबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे. मामा, काका, शेजारी, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक आणि कुणीच धड ओळखत नाही असा एखादा लांबचा पाहुणा. सगळ्यांना 'दिलदार माणूस' म्हणून हात झटकणारे असाबा शहरात पुष्कळ. सेयिलखान आठवडाभर आधी लग्नघरी जाऊन बसायचे, नवऱ्याच्या आईला एकेकाबद्दल विचारायचे, आणि मग लग्नात ट्रक चालवणाऱ्या एखाद्या मामाबद्दल असं काही बोलायचे की मामाची बायकोही त्याच्याकडे वळून बघायची.

मोठ्या माणसाचं पूर्ण नाव घ्यायचा आमच्यात रिवाज नाही. नावाचा आरंभ घेऊन त्याला मानाचा 'के' जोडतात. त्यामुळे ते सगळ्यांचे सेके.

घशात गाठी झाल्या होत्या. ऑपरेशन झालं, गाठी साध्याच निघाल्या, पण आवाज आला तो गंजलेल्या बिजागरीसारखा. समोर बसलेल्याला ऐकू जाईल एवढाच. डॉक्टरांनी सांगितलं, यापेक्षा जास्त ओढाल तर हाही जाईल. सेके घरी बसले. सुरुवातीला लोक भेटायला यायचे, मग कमी झाले.

मी तेव्हा बालझान अपाच्या ऑनलाइन दुकानात कामाला होते. मोठ्या बाईला आमच्यात अपा म्हणतात, मोठ्या पुरुषाला अगा. किटल्या, चहाचे पियाले, ताटं, गाद्यांचे अभ्रे, असं घरातलं सामान. बाजारामागच्या एका गोदामात सगळा माल आणि गोदामाच्याच कोपऱ्यात आम्ही. मी मालाचे फोटो काढायचे आणि साइटवर चढवायचे. फोटो चांगले यायचे, माल बरा होता, भावही इतरांसारखेच होते, पण सर्चमध्ये आमचं दुकान चौथ्या पानावर. चौथ्या पानापर्यंत कोण जातं?

अल्मातीला रौशन नावाची एक मुलगी होती. दुकानं सर्चमध्ये वर आणणं हाच तिचा धंदा. बालझान अपाने तिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अपा, तुमच्या फुलाफुलांच्या किटलीखाली काय लिहिलंय ते वाचा," रौशन म्हणाली.

अपाने वाचलं, "'उच्च दर्जाची चिनी मातीची किटली आपल्या चहापानाला आराम आणि सौंदर्य प्रदान करेल.'"

"आता हेच वाक्य सर्चमध्ये टाका."

मी टाकलं. पानंच्या पानं तेच वाक्य. अस्तानाचं दुकान, ताश्कंदचं दुकान, रशियातल्या कुठल्याशा गावातलं दुकान. एका ठिकाणी तर किटलीऐवजी इस्त्रीच्या फोटोखाली तेच वाक्य होतं.

"माल पाठवणारा मालाबरोबर मजकूरही पाठवतो," रौशन म्हणाली. "सगळे तोच उचलून चिकटवतात."

"मग काय, सर्चवाले आम्हाला शिक्षा करतायत?"

"शिक्षा कशाला करतील? वीस जण एकच निरोप घेऊन तुमच्या दारात आले तर तुम्ही एकाला आत घ्याल, बाकीच्यांना म्हणाल, कळलं, जा. आत घेतानाही ओळखीचा, मोठा, जुना बघून घ्याल. तुम्ही त्या बाकीच्यांत आहात. आपल्या शब्दांत लिहा. दुसऱ्या कुणाकडे नसेल असं."

अपाने फोन ठेवला आणि किटल्यांचं एक खोकं पुढे ओढलं. मग म्हणाली, "मार्झान, माझ्या लग्नात सेकेंनी एवढ्या पाहुण्यांची तारीफ केली. एक शब्द दोनदा वापरल्याचं आठवतं तुला?"

मी तिच्या लग्नात नव्हते. पण ती मला विचारत नव्हती.

अपाचे वडील सेकेंबरोबर लग्नात कीबोर्ड वाजवायचे, त्यामुळे घरोबा जुना. आम्ही गेलो तर सेकेंच्या बायकोने, कुमिसकुल अपाने, दारातच सांगितलं, "या, घेऊन जा त्याला. कालपासून कपाटाकडे बघून ओठ हलवतोय. उद्या कपाट पुढे येऊन नमस्कार करेल."

सेकेंनी सगळं ऐकून घेतलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माणसांचं कौतुक केलं आजवर. भांड्यांचं कसं करतात?"

"तसंच, सेके," बालझान अपा म्हणाली. "उलट सोपं. भांडी रुसत नाहीत."

हे काही खरं निघालं नाही.

पहिल्या महिन्यात सेकेंनी लिहिलं ते सगळं लग्नातलं होतं. फुलाफुलांची किटली नव्या सुनेसारखी नजर खाली ठेवून पाहुण्यांपुढच्या दस्तरखानावर येत होती. पियाल्यांची जोडी म्हणजे एका आईची दोन लेकरं. एका पातेल्याची तर त्यांनी सात पिढ्यांपर्यंत वंशावळ लावली होती. ते कझाकमध्ये लिहायचे, त्याचं रशियन मी करायचे, आणि करताना मला हसू यायचं. एक मात्र झालं, आमची पानं सर्चमध्ये दिसायला लागली. असा मजकूर दुसऱ्या कुणाकडे असण्याचा प्रश्नच नव्हता.

माल विकला जायला लागला तसा परतही यायला लागला. एका बाईने किटलीबरोबर चिठ्ठी पाठवली होती. 'तुम्ही लिहिलं होतं, पाहुणे उठेपर्यंत चहा गरम राहतो. आमचे पाहुणे उठलेच नाहीत, चहाच आधी संपला.'

"सेके," बालझान अपा म्हणाली, "किटलीत पाणी किती मावतं ते तुम्ही लिहिलंच नाही."

"लग्नात मी मामाची उंची सांगत नाही."

"मामा परत पाठवता येत नाही, अगा," मी म्हणाले. "किटली येते."

मला वाटलं सेके चिडले. पण संध्याकाळी निघताना त्यांनी दोन किटल्या, सहा पियाले आणि एक सुरी पिशवीत घातली आणि घरी घेऊन गेले.

तिथून पुढे त्यांची पद्धतच बदलली. जे लिहायचं ते आधी कुमिसकुल अपाच्या हातात द्यायचं. ती पाहुण्यांना त्यातून चहा द्यायची, सेके बाजूला बसून बघायचे. आमच्याकडे पियाला कधी भरून देत नाहीत. थोडा थोडा चहा, पुन्हा पुन्हा. म्हणजे ओतणारीच्या हाताला संध्याकाळभर उसंत नाही. सेकेंनी तिला विचारलं, हात कुठे दुखतो? एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, असं ती नंतर मला म्हणाली.

त्या किटलीखाली मग असा मजकूर गेला, 'सव्वा लिटर. भरल्यावर जड होते, पण वजन मुठीत येतं, मनगटावर नाही. मोठ्या घरातल्या सुनेला यातला फरक कळेल. आमची कुमिसकुल म्हणते, फार वाकवलीत तर झाकण निसटतं, दुसऱ्या हाताचं बोट ठेवा.'

परत येणाऱ्या किटल्या थांबल्या. वर्षभरात आम्ही पहिल्या पानावर आलो. अपाने गोदामात नवा हीटर बसवला.

मग रौशन एकदा अल्मातीहून आली. साइट बघता बघता तिने पियाल्यांची पानं उघडली. निळ्या नक्षीचा पियाला, हिरव्या नक्षीचा, लाल, सोनेरी. प्रत्येकाचं पान वेगळं, प्रत्येकाखाली सेकेंनी लिहिलेला वेगळा मजकूर. निळ्याला आकाश, हिरव्याला कुरण. सोनेरीपर्यंत येता येता त्यांचा दम संपला होता, तिथे फक्त 'हाही तसाच, पण सोनेरी' असं होतं.

"हा एकच पियाला आहे ना?" रौशनने विचारलं.

"रंग वेगळे आहेत," मी म्हणाले.

"पियाला एक. मग पानं इतकी कशाला? शब्द बदलले तरी सांगणं तेच. ही तुमचीच पानं एकमेकांच्या पायात पाय घालतायत. एक पान ठेवा, रंग आतमध्ये निवडायला द्या. जुन्या पत्त्यांवर कुणी आलं तर त्याला सरळ या एका पानावर आणून सोडा. किटल्यांचंही तसंच, ताटांचंही."

म्हणजे सेकेंचं निम्म्याहून जास्त लिखाण पुसायचं. ते तिथेच बसले होते. बालझान अपा त्यांच्याकडे न बघता खोक्याची पट्टी सोलत राहिली.

"पोरी," सेके रौशनला म्हणाले, "आकाशाचं वाक्य चांगलं होतं."

"चांगलं होतं, अगा. मी वाचलं. पण आकाश बघायला त्या पानावर कुणी येतच नाही."

सेके टोपी घालून निघून गेले. नंतर काही दिवस फिरकले नाहीत. मी फोन केला तर कुमिसकुल अपाने उचलला. "आहे ना, बसलाय. नवऱ्याकडच्यांनी जेवायला न वाढता परत पाठवल्यासारखं तोंड आहे." मी पानं जोडायचं काम सुरू केलं नव्हतं, हात धजत नव्हता. रौशन रोज विचारायची.

मग एका सकाळी सेके आपणहून आले. स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. "माझं दुसऱ्या कुणी पुसायचं नाही," एवढंच म्हणाले. आम्ही एकेक पान उघडत गेलो. खरोखर वेगळी वस्तू असेल तर ठेवायची, नुसता रंग वेगळा असेल तर जोडायची. कधी एखाद्या पानातलं एखादं वाक्य ते उरणाऱ्या पानात नेऊन ठेवायचे. निळ्याचं आकाश मात्र नेलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आता वाचल्यावर वाटतं, निळं दिसलं की आकाश कुणालाही सुचेल."

पुढच्या हिवाळ्यात कुमिसकुल अपाच्या भाच्याचं लग्न झालं. सेके पाहुणे म्हणून गेले होते, मीही होते. असाबा एक तरुण पोरगा होता, आवाज खणखणीत. नवऱ्याच्या आत्याने चहाचा सेट आहेर केला तेव्हा त्याने किटली उंच धरली आणि म्हणाला, "भरल्यावर जड होते, पण वजन मुठीत येतं, मनगटावर नाही. मोठ्या घरातल्या सुनेला यातला फरक कळेल." हॉलभर टाळ्या. नवरी लाजली.

सेकेंनी हातातला मांसाचा तुकडा ताटात ठेवला. नंतर त्या पोराला बाजूला बोलावून विचारलं, "छान बोललास. कुठून घेतलंस?"

"इंटरनेटवरून, अगा. तुर्सिनालीच्या दुकानाच्या साइटवर आहे. चांगलं आहे ना?"

"चांगलं आहे," सेके म्हणाले.

तुर्सिनाली म्हणजे भांड्यांचा जुना व्यापारी, आमच्यापेक्षा मोठा. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याची साइट उघडली. आमचा सगळा मजकूर जसाच्या तसा. बोट ठेवायचं झाकण होतं, माझी व्याकरणाची चूक होती, 'आमची कुमिसकुल म्हणते' हेही होतं. त्याचं दुकान जुनं, त्यामुळे काही किटल्यांसाठी सर्चमध्ये तो वर आणि आम्ही खाली. सगळं पुन्हा पहिल्या ठिकाणी. एकच निरोप घेऊन दोघं दारात, आणि आत घेतला होता त्याला.

कुमिसकुल अपाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे हल्ली मी तुर्सिनालीकडेही चहा ओतते तर."

बालझान अपा मात्र पेटली होती. रौशन म्हणाली, सर्चवाल्यांकडे तक्रार करता येते, आधी आपण लिहिलं हे दाखवावं लागतं, वेळ लागतो. अपाने वकिलाला फोन केला. सेकेंनी मला विचारलं, "तुझी गाडी चालू आहे ना?"

तुर्सिनालीच्या घरी आम्हाला वरच्या, मानाच्या जागेवर बसवलं. त्याच्या धाकट्या मुलाच्या लग्नात सेके असाबा होते, ते तो विसरला नव्हता. चहा आला, तळलेले बाउर्साक आले. सेकेंचा आवाज त्याच्यापर्यंत नीट पोचत नव्हता म्हणून मध्येमध्ये मी तेच मोठ्याने सांगत होते.

"साइटचं दुकानातली पोरगी बघते," तुर्सिनाली म्हणाला. "पण खरं सांगू का सेके, माल एक, किटली एक, मग शब्दही एकच असणार. मी खोटं काय लिहिलं?"

"तुझ्या मुलाच्या लग्नात तुझ्याबद्दल मी बोललो. आठवतं?"

"कसं विसरेन? माझी आई रडली होती."

"तेच शब्द मी लगेच तुझ्या व्याह्याला लावले असते तर?"

"त्याला कसे शोभतील? तो तर..." तुर्सिनाली थांबला. मग हसत बाउर्साकची थाळी आमच्याकडे सरकवली. "बरं. काढतो. पण मग मी तिथे लिहू काय? पोरीला 'आराम आणि सौंदर्य' याच्यापुढे काही सुचत नाही."

"तुझं मी लिहीन," सेके म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं आणि हे वाक्य मोठ्याने सांगितलं नाही. पण ते तुर्सिनालीला ऐकू गेलं होतं.

परतताना मी म्हणाले, "अगा, बालझान अपाला काय सांगायचं?"

"तू काही सांगू नकोस. मी सांगतो. माझा आवाज लहान आहे, भांडण लहान होईल."

भांडण लहान झालं नाही. अपाने हातातला पियाला टेबलावर असा ठेवला की त्याची कड उडाली. "माझ्या वडिलांबरोबर बसून तुम्ही जेवलात, सेके. आणि आता माझी किटली विकायला त्याला शब्द देणार?"

"तुझे शब्द त्याला देत नाही. त्याचे त्याला देतो."

"तुम्ही दोन्हीकडचे झालात."

"असाबा दोन्हीकडचाच असतो."

"ही सोयरीक नाहीये. धंदा आहे हा."

तुर्सिनालीने आमचा मजकूर काढला, वकिलाची गरज राहिली नाही, पण अपाने सेकेंना काम देणं बंद केलं. नवा माल आला तेव्हा तिने मला कॉम्प्युटरकडून वर्णनं लिहून घ्यायला सांगितलं. हवी तेवढी, हवी तशी मिळाली. वाचायला गुळगुळीत. पण ती कुठल्याही किटलीखाली खपली असती, आणि खपतही होती, कारण बाकीची दुकानंही हेच करत होती. रौशन म्हणाली, "शब्द जुळत नाहीत, पण सगळी एकाच शाळेच्या गणवेशातली वाटतात. कुणी त्या किटलीतून चहा प्यायलेला नाही, हे कळतं."

अपा त्या रात्री बहुतेक तुर्सिनालीच्या साइटवर गेली असावी, कारण सकाळी तिने मला तिथला मजकूर दाखवला. तीच किटली. सेकेंनी लिहिलं होतं, 'चायखान्यासाठी घेत असाल तर ही घ्या. तळ रुंद आहे, घाईत ठेवली तरी कलंडत नाही. झाकणं वेगळी मिळतात, कारण चायखान्यात आधी झाकणंच फुटतात. घरात वापरायला थोडी जड आहे.'

"घरात वापरायला जड," अपाने पुन्हा वाचलं. "तुर्सिनालीने हे राहू कसं दिलं?"

"त्याच्याकडे घरचं गिऱ्हाईक येतंच कुठे, अपा? चायखानेवालेच घाऊक घेऊन जातात."

दुपारी अपाने गाडी काढली आणि एकटीच सेकेंकडे गेली. काय बोलणं झालं ते मला कुमिसकुल अपाकडून कळलं. फारसं काही नाही. बालझान अपाने माफी मागितली नाही, सेकेंनीही मागितली नाही. अपाने अट घातली की नवा माल आला की आधी आमचं लिहायचं, आमचं पान सर्चमध्ये दिसायला लागलं की मगच तुर्सिनालीचं. सेके म्हणाले, हे ठीक आहे, थोरल्या घरचं लग्न आधीच असतं. मग तिने त्यांच्याकडे जेवण केलं आणि निघाली.

तेव्हापासून ते दोन्हीकडे लिहितात. पुढे एक गालिचेवाला आला, मग मध विकणारी एक बाई. मधाच्या बाईला त्यांनी नाही म्हटलं. घशामुळे गोड चालत नाही, चाखल्याशिवाय लिहिणार नाही. बालझान अपा आणि तुर्सिनाली आता सीमेपलीकडून माल एकत्र मागवतात, भाड्यात परवडतं म्हणून. एकमेकांच्या घरी जात नाहीत. सेकेंचा आवाज तेवढाच आहे. लग्नांची बोलावणी येतात, पाहुणा म्हणून. जमलं तर जातात.

मागच्या महिन्यात थर्मास आले. मालाबरोबर नेहमीचा मजकूर होता, तो आम्ही उघडूनही बघितला नाही. सेकेंनी एक थर्मास घरी नेला आणि चार ओळी लिहून आणल्या. शेवटची ओळ होती, 'झाकण पहिल्या फिरकीत बसत नाही, दाबून फिरवा.' बालझान अपाने ती काढायला सांगितली. सेके म्हणाले, काढ, पण मग परत आलेले थर्मास तू मोज. अपा थोडा वेळ पुटपुटली आणि फोन घ्यायला बाहेर गेली. ओळ मी तशीच राहू दिली.